क्लार्क, १९३६ : तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२५

मराठी शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात यंदा आमच्या गटाला "ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ" आलंय, एक मोठा तक्ता आणि एक घडीपत्रक करायचंय. मेलबर्नमध्ये हा विषय निघाला की तेच ते नोबेलवाले, फ्लोरी नाहीतर बर्नेट, म्हणून मी एलेन क्लार्कचं नाव पुढे केलं. काका (शाळेचं सगळं तेच बघतात) म्हणाले, "ही कोण बुवा?" म्हटलं काका, तुमचा नातू सुट्टीत शेततळ्यावर दोरीला चिकनचा तुकडा बांधून याब्या (गोड्या पाण्यातले क्रेफिश, छोट्या लॉबस्टरसारखे डेंगेवाले प्राणी) पकडत बसतो ना, त्या याबीचं शास्त्रीय नाव या बाईंनी ठेवलंय. चेरॅक्स डिस्ट्रक्टर क्लार्क, १९३६. नाव, पुढे आडनाव, पुढे साल. काकांनी दोन सेकंद विचार केला, म्हणाले मग घ्या, याबी पोरांना माहितीये.

झालं, विषय पास. घडीपत्रक वहिनी करणार, तक्ता आणि मजकूर माझ्याकडे.

१५ फेब्रुवारी

मूळ पेपर डाऊनलोड करून वाचला. नॅशनल म्युझियम ऑफ व्हिक्टोरियाच्या मेमॉयर्स या शोधपत्रिकेचा दहावा खंड, पान ५ ते ५८, विषय ऑस्ट्रेलियातले गोड्या पाण्यातले आणि जमिनीवरचे क्रेफिश. ५४ पानं फक्त. त्यात अख्ख्या देशाचे क्रेफिश मांडलेत.

"जमिनीवरचे" हे वाचून पोरं नक्की विचारणार, म्हणून आधी तेच समजून घेतलं. एन्जिअस नावाची प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे, मुख्यतः व्हिक्टोरिया आणि टास्मानियात, हे सगळे बीळवाले. काहींचं बीळ ओढ्याला जोडलेलं, काहींचं जमिनीखालच्या पाण्यापर्यंत खोल गेलेलं, आणि काहींचं तर दोन्हीशी संबंध नाही, उतारावरून पावसाचं जे झिरपेल त्यावर चाललंय. बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या गोळ्या रचून धुराडं केलेलं असतं. यांचे डेंगे पण वेगळे, याबीचा डेंगा आडवा-तिरपा उघडतो, एन्जिअसचा वर-खाली उभा, अरुंद बिळात आडवं उघडायला जागा कुठे असणार. हे चित्रात दाखवायचंच.

आता पार्श्वभूमी, थोडक्यात. हक्सलेने १८७० च्या दशकाच्या शेवटी जगातले क्रेफिश उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे असे दोन कुलांत वेगळे काढले, दक्षिणेकडचे ते पॅरास्टॅसिडी. ऑस्ट्रेलियातल्यांवर ऑक्सफर्डच्या जेफ्री स्मिथने १९१२ मध्ये मोठा पेपर लिहिला आणि हा माणूस १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईत गेला. मधे बाकीच्यांनी भर घातलीच, पण सगळा पसारा पुन्हा एकदा ओट्यावर काढून घासूनपुसून फळीवर लावावा तसं काम केलं ते क्लार्कबाईंनी.

आणि त्यांचा सगळ्यात मोठा हात कुठे फिरला तर प्रजातींच्या सीमांवर. तोपर्यंत मुख्य भूमीवरचे काटेरी क्रेफिश आणि टास्मानियातले मोठे क्रेफिश एकाच अ‍ॅस्टेकॉप्सिसमध्ये कोंबलेले होते. बाईंनी अ‍ॅस्टेकॉप्सिस टास्मानियापुरती ठेवली आणि मुख्य भूमीवरच्या काटेवाल्यांसाठी यूअ‍ॅस्टेकस ही नवी प्रजाती काढली. आज या यूअ‍ॅस्टेकसमध्ये ५० च्या वर जाती आहेत, उत्तर क्वीन्सलँडच्या डोंगरांपासून खाली व्हिक्टोरियापर्यंत. मरे नदीतला पांढऱ्या डेंग्यांचा प्रसिद्ध मरे क्रेफिश त्यातलाच. म्हणजे खोली त्यांनी बांधली आणि माणसं नंतर ९० वर्षं राहायला येतायत.

२२ फेब्रुवारी

एक्सेल शीट सुरू केलं. कॉलम असे: नाव, साल, कुठला, आज काय स्थिती. शेवटच्या कॉलममध्ये "टिकलं / गेलं / परत आलं" एवढे तीनच पर्याय.

वहिनींनी शीट बघून बरोबर प्रश्न विचारला, की काही ठिकाणी आडनाव कंसात आहे आणि काही ठिकाणी नाही, टायपो आहे का. टायपो नाही. नाव ठेवताना जी प्रजाती होती तीच आजही असेल तर कंस नाही, जात दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली असेल तर मूळ लेखकाचं आडनाव कंसात जातं. स्मिथने १९१२ मध्ये पूर्व व्हिक्टोरियातल्या गिप्सलँडच्या क्रेफिशला अ‍ॅस्टेकॉप्सिस करशॉई म्हटलं, क्लार्कने तो यूअ‍ॅस्टेकसमध्ये नेला, म्हणून आज स्मिथ कंसात. एन्जिअस स्टर्नालिसच्या पुढे मात्र क्लार्कच कंसात आहे, म्हणजे इतरांनी त्यांचंही हलवलंय. एका कंसात एवढा इतिहास, मला तर हे वाचायला रेल्वे टाइमटेबलसारखी सवय लागली.

पत्रकात हे टाकू नका म्हणाल्या, पोरं झोपतील. ठीक.

सध्या शीटमध्ये १९३६ च्या जोडीला १९३९ चा टास्मानियावरचा पेपर (रॉयल सोसायटी ऑफ टास्मानियाचा) आणि १९४१ चे दोन, एकात यूअ‍ॅस्टेकसची पुन्हा तपासणी आणि दुसऱ्यात नव्या जाती. म्हणजे स्वतःच काढलेली प्रजाती पाच वर्षांनी स्वतःच उलगडून परत तपासलीय. १९३७ मध्ये सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या मासिकात गिप्सलँड क्रेफिशच्या जीवनक्रमावर लेख आहे तो वेगळा, सामान्य वाचकांसाठीचा.

१ मार्च

आज तक्त्याचा हिरो. अ‍ॅस्टेकॉप्सिस गूल्डी क्लार्क, १९३६. टास्मानियातला महाकाय क्रेफिश, गोड्या पाण्यातला जगातला सगळ्यात मोठा अपृष्ठवंशी प्राणी. पूर्वीच्या नोंदी ८० सेंटीमीटर आणि ६ किलोपर्यंतच्या आहेत, आता एवढे दिसत नाहीत.

मला जे झेपत नाही ते हे की एवढं धूड, उत्तर टास्मानियाच्या नद्यांत, तिथले मूळ लोक त्याला तायातिया म्हणायचे, गोरे लोक येऊन पिढ्यानपिढ्या लॉबस्टर म्हणून उकडून खात होते, आणि विज्ञानाच्या वहीत त्याला स्वतःचं नाव नाही! फ्रँकलिनी या १८४५ च्या नावाखाली लहान-मोठे सगळे एकत्र. चार्ल्स गूल्ड नावाचा भूगर्भतज्ज्ञ, पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या प्रसिद्ध जॉन गूल्डचा मुलगा, त्याने १८७० मध्ये या मोठ्या क्रेफिशच्या सवयींवर आणि कुठल्या नद्यांत सापडतो यावर लिहून ठेवलं होतं. (याच गूल्डने पुढे ड्रॅगन वगैरे प्राणी खरंच असावेत अशा अर्थाचं जाडजूड पुस्तक लिहिलं, पण क्रेफिशच्या बाबतीत गडी बरोबर होता.) क्लार्कने ती जात वेगळी काढली आणि नाव गूल्डचं दिलं. नाव देण्याचा मान स्वतःकडे आला तेव्हा आधी ज्याने बघून ठेवलं त्याची आठवण ठेवली, हे मला आवडलं.

पत्रकासाठी जीवनक्रम, कारण पोरांना हाच भाग आवडेल: मादी साधारण १४ वर्षांची झाल्यावर वयात येते, नर ९ व्या वर्षी. मादी दोन वर्षांतून एकदा अंडी घालते आणि ती शेपटीखाली चिकटवून नऊएक महिने वागवते, पिल्लं बाहेर आली तरी आणखी काही महिने आईच्या पोटाखालच्या पायांना लटकून. समुद्री खेकड्यांसारखी तरंगती अळी वगैरे प्रकार नाही, थेट आईची छोटी कॉपी. आयुष्य ४० वर्षांपर्यंत. खातो काय तर मुख्यतः नदीत पडून कुजलेलं लाकूड. आता हिशोब करा, एक मोठी मादी पकडून खाल्ली तर तिच्या जागी दुसरी यायला दीड दशक. म्हणून १ जानेवारी १९९८ पासून पकडायला पूर्ण बंदी आहे. काठावरची झाडं तोडली की पाणी तापतं आणि गाळ येतो, तो त्रास मात्र बंदीने थांबत नाही.

ब्राऊन पेपरवर ८० सेंटीमीटर मोजून आखलं आणि लेकीला शेजारी झोपवलं. कमरेच्या बऱ्याच वर आला. तिने लगेच हात आखडते घेतले.

९ मार्च

लाँग वीकेंड, म्हणून दोन-तीन कुटुंबं मिळून ओळखीच्या शेतावर. उद्देश फोटो, बाकी सगळ्यांचा उद्देश जेवण.

वहिनींच्या गॅरेजमधून जुनी ऑपेरा हाऊस जाळी (याब्या पकडायचा पिंजरा) निघाली होती, ती तिथेच ठेवायला लावली. त्या जाळीत प्लॅटिपस शिरून बुडून मरतात म्हणून व्हिक्टोरियात २०१९ च्या जुलैपासून बंदी आहे. दोरी आणि मांसाचा तुकडा हेच बरं. दोरी ताणली की ओढायची नाही, हळूहळू, अगदी हळूहळू काठाशी आणायची आणि खालून चाळणी घालायची. लहान मुलांना हे "हळूहळू" जमत नाही, त्यामुळे पहिला अर्धा तास नुसती आरडाओरड.

मग एक मोठी मिळाली. पाठीमागून, डेंग्यांच्या मागे, अंगठा आणि बोटाने धरली. पाठ हिरवट तपकिरी, डेंग्यांच्या सांध्याशी निळसर जांभळी झाक. डेंग्याच्या आतल्या कडेला दाट लव, ओली असताना चिकटून बसलेली, बोटाने उलट फिरवली की उभी राहते. पाठ गुळगुळीत, काटे नाहीत, यूअ‍ॅस्टेकस असता तर धरताना कळलंच असतं. उलटी केली तर शेपटी फाडफाड आपटायला लागली, पोटाखाली काही नाही, अंडी असती तर सोडून दिली असती. फोटो छान आलेत, डेंग्याचा क्लोजअप तक्त्यावर जाईल.

शेतमालकाने बांधाला पडलेलं भोक दाखवलं, पाणी पाझरतंय. "डिस्ट्रक्टर" का ते पोरांना सांगायला लागलंच नाही. हीच बिळं दुष्काळात यांना वाचवतात, तळं आटलं की खाली चिखलात जाऊन पाऊस येईपर्यंत पडून राहतात, वर्षानुवर्षं सुद्धा.

१६ मार्च

शीटचा कटकटीचा भाग. कुठली नावं गेली.

आधी माझ्या डोक्यात साधी टक्केवारी होती, इतकी नावं ठेवली, इतकी टिकली. आज ती काढून टाकली, कारण एकेका ओळीच्या मागे गेलं की टक्केवारी फालतू वाटायला लागते.

अ‍ॅस्टेकॉप्सिस ट्रायकॉर्निस क्लार्क, १९३६. हे नाव नंतरच्या तपासणीत फ्रँकलिनीमध्ये विलीन केलं गेलं, म्हणजे "गेलं". मग १९९२ मध्ये हॅमरने अ‍ॅस्टेकॉप्सिसची पुन्हा छाननी केली आणि ट्रायकॉर्निस वेगळीच जात आहे म्हणून परत उभं केलं. पश्चिम टास्मानियातली ही जात आज मान्य आहे. मग १९८५ मध्ये कोणी टक्केवारी काढली असती तर बाई चूक, आणि १९९५ मध्ये काढली असती तर बरोबर?

पॅरास्टॅकॉइडिस, ही त्यांनी काढलेली टास्मानियातल्या बीळवाल्यांची प्रजाती. ७० वर्षं सगळ्यांनी वापरली. २००६ मध्ये हॅन्सेन आणि रिचर्डसनने ती मोडून ऑम्ब्रास्टॅकॉइडिस आणि स्पिनास्टॅकॉइडिस अशा दोन केल्या. हे गेलं खरं, पण जाताना वाढून गेलं, त्या गटात त्यांना वाटलं होतं त्याहून जास्त वैविध्य निघालं. उलट जिओकॅरॅक्स ही त्यांचीच प्रजाती अजून जागेवर आहे, पश्चिम व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या बाजूला गेलं की तिथली फाल्काटा त्यांनीच १९४१ मध्ये नाव दिलेली.

आणि याब्यांचा घोळ. १९३६ मध्ये डिस्ट्रक्टरसोबत अल्बिडस, १९४१ मध्ये रोटंडस आणि डेव्हिसी. जनुकांची तपासणी झाल्यावर अल्बिडस आणि डेव्हिसी हे डिस्ट्रक्टरमध्येच जिरले. पण मत्स्यशेतीवाले अल्बिडस हे नाव सोडायला तयार नाहीत आणि त्याला कारण आहे: पश्चिम ऑस्ट्रेलियात संशोधकांना आढळलं की रोटंडस मादी आणि अल्बिडस नर यांचा संकर केला तर पिल्लं सगळी नर निघतात. तळ्यात नुसते नर असले की प्रजा वाढून गर्दी होत नाही, आहेत ते नीट वाढतात. कागदावर जात असो नसो, बाईंना बरणीतल्या नमुन्यांत काहीतरी वेगळं दिसलं होतं आणि ते वेगळेपण शेतकऱ्याच्या कामाला आलं.

म्हणून शेवटचा कॉलम बदलला. आता त्याचं शीर्षक "पुढे काय झालं" आणि त्यात वाक्यं लिहायची. शीट कुरूप दिसतंय, चालेल.

एन्जिअस स्टर्नालिसची ओळ मात्र लिहिताना वाईट वाटलं. वेस्ट गिप्सलँडमध्ये अगदी इवल्याशा भागात ही जात उरलीय, अत्यंत धोक्यात. इथे नाव टिकलंय, प्राणी टिकेल का हा प्रश्न आहे.

२३ मार्च

काकांना नोबेलवाला हवा होता ना, मिळाला.

१९४२ मध्ये क्लार्क हे नाव एकदम दुसरीकडेच दिसायला लागतं, मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये, मॅकफार्लेन बर्नेटबरोबर. बर्नेट म्हणजे विषाणूंवर काम करणारे, १९६० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेडावरसोबत विभागून. दोघांनी मिळून इन्फ्लुएन्झावर पुस्तक लिहिलं, मागच्या ५० वर्षांतल्या साथींचा नव्याने सापडलेल्या विषाणूच्या दृष्टीने आढावा, तोही महायुद्ध चालू असताना. १९४३ मध्ये नॅग्लरबरोबर आणखी एक पेपर, कुठल्या प्राण्यांच्या लाल पेशी विषाणूंमुळे गोळा होतात यावर.

पण मला ज्याने खुर्चीतून उठवलं तो पेपर वेगळा. १९४२, क्लार्क आणि बर्नेट, विषय: रक्तद्रव चाचण्यांचा कवचधारी प्राण्यांच्या अभ्यासासाठी वापर. म्हणजे बाई विषाणूच्या लॅबमध्ये गेल्या आणि तिथलं हत्यार घेऊन परत क्रेफिशकडेच आल्या!

पत्रकासाठी सोपं करून लिहिलं ते असं. एका जातीच्या रक्तातलं प्रथिन दुसऱ्या प्राण्याला टोचलं की त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं मग वेगवेगळ्या जातींच्या रक्तात मिसळून बघायची. नातं जवळचं असेल तर भरपूर साका खाली बसतो, लांबचं असेल तर कमी किंवा नाहीच. क्रेफिशच्या रक्तात लोहाऐवजी तांब्याचं हिमोसायनिन असतं, त्यामुळे ते लाल नसून निळसर. काटे मोजून, डेंगे मोजून जी नाती मांडली ती खरी आहेत का, हे रक्ताला विचारायचं. आज डीएनएला विचारतात, प्रश्न तोच. डीएनएची रचना कळायला तेव्हा अजून ११ वर्षं होती.

बर्नेट स्वतः लहानपणी भुंगे गोळा करणारे होते, त्यामुळे त्यांना या उद्योगात रस वाटला असणार असं आपलं मला वाटतं.

वहिनी म्हणतात पत्रकात इन्फ्लुएन्झाला अर्धं पान द्या, लोकांना तेच महत्त्वाचं वाटेल. मी पाव पान दिलं. फ्लूवर लिहिणारे खूप आहेत.

३० मार्च

शाळेत मुलांसमोर मजकूर वाचून दाखवला. एका मुलाने विचारलं, भारतात कुठला क्रेफिश आहे. एकही नाही. पॅरास्टॅसिडी कुल ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि मादागास्करमध्ये आहे, उत्तरेकडचे युरोप, पूर्व आशिया, उत्तर अमेरिकेत, आणि भारत व आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर मूळचा एकही नाही. मादागास्कर एकेकाळी भारताला चिकटलेलं होतं, तिथे आहे आणि आपल्याकडे नाही. आपल्याकडे ओढ्यात, भातखाचरात, सह्याद्रीच्या कातळावर गोड्या पाण्यातले खेकडे आहेत, ढिगाने. लगेच पुढचा प्रश्न, मग त्यांना नावं कोणी दिली. म्हटलं पुढच्या वर्षी.

एका मोठ्या मुलीने मोबाइलवर शोधून प्रोकँबरस क्लार्की आणलं, लाल दलदली क्रेफिश, आणि म्हणाली हा पण बाईंच्याच नावाचा ना. नाही, तो अमेरिकेतला, १८५२ चा, तिथला वेगळाच क्लार्क. आपल्या बाईंच्या नावाचा तो यूअ‍ॅस्टेकस क्लार्के, न्यू साउथ वेल्सच्या वेरिकिंबे भागातल्या डोंगरातला, मॉर्गनने १९९७ मध्ये नाव दिलेला. लॅटिनमध्ये शेवट बाईचा आहे, त्यावरून कळतं. मॉर्गनने यूअ‍ॅस्टेकसची सगळी प्रजाती राज्याराज्याने तपासली, क्लार्कच्या चुका दुरुस्त करण्यात ज्याची वर्षं गेली त्यानेच हे नाव दिलं.

५ एप्रिल

शीर्षकावरून वाद. माझी मैत्रीण झूलॉजीत पीएचडी आहे, तिला फाइल पाठवली होती. ती म्हणाली जातीच्या नावापुढे फक्त आडनाव आणि साल लिहितात, "एलेन क्लार्क, १९३६" असं लिहिलंस तर चुकीचं दिसेल. बरोबर आहे तिचं. पण माझं म्हणणं असं की याच पद्धतीमुळे ९० वर्षं सगळे क्लार्क वाचतायत आणि डोळ्यासमोर दाढीवाला प्रोफेसर आणतायत. मीसुद्धा पहिल्यांदा तेच आणलं होतं, मत्स्यशेतीच्या माहितीपत्रकात नाव वाचून. पुष्कळ फोनाफोनी करून तोडगा निघाला: प्रत्येक चित्राखाली नियमाप्रमाणे "क्लार्क, १९३६", आणि तक्त्याच्या वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, "एलेन क्लार्क". खाली एक ओळ, की चित्रांखालची क्लार्क ती हीच.

प्रिंटवाल्याकडे गेले तर नवीन अडचण. ए१ कागद ८४ सेंटीमीटरचा, त्यावर ८० चा गूल्डी आडवा बसतो पण मग याबी आणि एन्जिअसला जागाच नाही, आणि काका म्हणतायत छोटा करा, काय फरक पडतो. खऱ्या मापाचाच हवा, त्यावर मी अडून बसले. शेवटी ए० घेतला, लॅमिनेशनसकट. पैसे ठरल्यापेक्षा जास्त गेले, काका वर्गणीतून बघतो म्हणालेत. गुरुवारी मिळेल. गाडीत आडवा मावत नाही, गुंडाळून आणायला लागेल, आणि भिंतीला टेप चालत नाही म्हणून वहिनींना दोन लाकडी पट्ट्या आणि सुतळी आणायला सांगितलीय.